बोटीवरचं नेट ही चैन नाही

आमच्या दापोलीच्या किनाऱ्यावर कुणाबद्दल विचारलं आणि "बोटीवर असतो" असं उत्तर मिळालं, की पुढे कुणी काही विचारत नाही. सासरे बोटीवर, म्हणजे देशोदेशी फिरणाऱ्या जहाजावर होते. आमचे हेही बोटीवर आहेत, इंजिन रूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांचं तेलपाणी बघणारे. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातले एका छपराखाली काढलेले दिवस मोजले तर जेमतेम पाच वर्षं भरतील.

सासूबाईंकडे पत्र्याच्या पेटीत आबांची, म्हणजे सासऱ्यांची पत्रं आहेत. घरचं पत्र आधी मुंबईला कंपनीच्या ऑफिसात जायचं, तिथून पुढच्या बंदरातल्या एजंटकडे, आणि बोट तिथे लागली की आबांच्या हातात. बोटीचं बंदर ऐनवेळी बदललं तर पत्र मागेच राहायचं. माझ्या नणंदेच्या जन्माची बातमी आबांना दीड महिन्यानं कळली. हे सांगताना सासूबाईंच्या आवाजात तक्रार नसते. "पत्र नाही म्हणजे बोट पाण्यात आहे, एवढंच समजायचं," म्हणतात.

मला ते जमत नाही. मेसेजवर दुसरी टिक आली नाही की माझ्या पोटात गोळा येतो. बोट कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप उघडते, पण बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फुकटच्या अ‍ॅपवर दिसेनाशी होते. मग रात्री उठून पुन्हा बघते. सासूबाईंनी महिनामहिना ज्या शांतपणानं काढला, तो शांतपणा माझ्याकडे सहा तासही टिकत नाही. तो माझ्याकडून नेटनेच काढून घेतलाय, हे मला मान्य आहे.

तरीही ही पोस्ट नेटच्या बाजूनं आहे. का, ते सांगते.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली-मंडणगडचीही दैना करून गेलं. आमचे पत्रे उडाले, सुपारीची बाग आडवी झाली. खांब पडले, वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद. ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट तेव्हा केव्हाच संपलं होतं, पण कोविडमुळे बहुतेक बंदरं क्रूला उतरू देत नव्हती. त्या वर्षी जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असे मुदत उलटूनही बोटींवर अडकले होते, त्यातले एक हे. गंमत बघा, तेव्हा बोटीवर नेट होतं आणि घरी नव्हतं. पडलेल्या माडांचे, उघड्या पडलेल्या घरांचे व्हिडिओ ह्यांना समुद्रात दिसत होते, आणि आम्ही जिवंत आहोत की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पाचव्या दिवशी दीर मोटरसायकलवरून रेंज मिळेल तिथवर गेले आणि मेसेज टाकला: सगळे बरे आहेत. त्या चार रात्री ह्यांनी वॉच, म्हणजे इंजिनावरची पाळी, कशी केली, ते मला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

तेव्हापासून घरात एक ठरलंय. बातमी सांगायची, पण वेळ बघून. ह्यांची वॉच चार ते आठ, पहाटे आणि संध्याकाळी. मुलाला रात्री ताप भरला तर डॉक्टरांचं होईपर्यंत मी लिहीत नाही. चालत्या इंजिनाजवळ, त्या उकाड्यात आणि आवाजात काम करणाऱ्या माणसाचं लक्ष घरच्या तापात अडकलं तर हात जायला वेळ लागत नाही. आबांच्या काळी बातमी पोचेपर्यंत ताप उतरलेला असायचा, ते काम समुद्रच करायचा. आता ते बायकोला करावं लागतं. बोटीवरच्या माणसाच्या प्रत्येक बायकोला मी काय म्हणते ते कळेल.

नेट दिलं की पोरं रात्रभर मोबाईल बघतात, झोप होत नाही, मेसरूममध्ये, म्हणजे जेवणाच्या खोलीत, कुणी कुणाशी बोलत नाही, असं कंपन्यांकडून ऐकायला मिळतं. ह्यात तथ्य आहे. हे स्वतः सांगतात, पूर्वी जेवण झाल्यावर कॅरमला नंबर लागायचे, आता जो तो ताट ठेवून केबिनमध्ये जातो. पण म्हणून नेट महाग विकायचं? आधीच्या बोटीवर डेटाचं कार्ड विकत घ्यावं लागायचं. गावच्या ग्रुपवरचे फोटो आपोआप डाउनलोड झाले की कार्ड संपलं, मुलाचा वाढदिवस राहिला. नऊ महिने जमीन न बघणाऱ्या माणसाला घरचा चेहरा एमबीवर मोजून विकणं मला अमानुष वाटतं.

आता तर समुद्राच्या मध्यावरही उपग्रहावरून चांगलं नेट देणाऱ्या डिश आल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा खलाशांसाठीचा करार आहे, एमएलसी २००६. त्यातल्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांत म्हटलंय, की जहाजमालकांनी शक्य असेल तितपत बोटीवर नेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत. "शक्य असेल तितपत" आणि "वाजवी" हे दोन्ही शब्द मला खटकतात. वाजवी किती ते ठरवताना खलाशाच्या घरातल्या कुणाला विचारलं जात नाही.

म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांना, आयांना विनंती. घरातलं कुणी येत्या महिन्यात साइन ऑन करणार, म्हणजे बोटीवर रुजू होणार असेल तर पगार आणि कॉन्ट्रॅक्टचे महिने विचारता, तसंच हेही विचारायला लावा: नेट आठवड्याला किती, पुढचं काय दरानं, केबिनमध्ये मिळतं की मेसरूममध्येच, आणि व्हिडिओ कॉल चालतो का. उत्तर कागदावर घ्या. आणि जे मिळेल ते खाली कमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव नको, फक्त बोटीचा प्रकार आणि दर. निदान आपल्याला आपसात तरी कळू दे.