‘एक मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे १८ लाख शब्द’: एका फॉरवर्डचा मुद्देसूद प्रतिवाद

व्यावसायिकांच्या ग्रुपमध्ये आणि मार्केटिंगच्या कार्यशाळांमध्ये एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: ‘एक मिनिटाचा व्हिडिओ १८ लाख शब्दांइतका असतो. माणसाचं लक्ष ८ सेकंदच टिकतं, म्हणून १५ सेकंदांच्या पुढे जाऊ नका. लाखभर व्ह्यूज म्हणजे लाखभर लोकांपर्यंत पोहोच. एकच व्हिडिओ सगळ्या प्लॅटफॉर्मवर टाका. मजकूर आणि चित्रं मिळून जितके शेअर मिळतात, त्याहून १२०० टक्के जास्त व्हिडिओला मिळतात. शेअर झाला की विक्री आपोआप होते.’

व्हिडिओ उपयोगी आहे याबद्दल आमचा वाद नाही. पण या ओळींवर विसंबून लोक पैसा आणि मेहनत चुकीच्या जागी लावतात, म्हणून एकेक दावा तपासू.

‘एक मिनिट म्हणजे १८ लाख शब्द’

हा आकडा फॉरेस्टर या संशोधन कंपनीचे विश्लेषक जेम्स मॅक्विव्ही यांच्या नावाने सांगितला जातो. तो कुठल्याही प्रयोगातून आलेला नाही. एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचं असतं ही म्हण घ्यायची, सेकंदाला ३० फ्रेम (व्हिडिओ ज्यांनी बनतो ती स्थिर चित्रं) आणि मिनिटाचे ६० सेकंद यांनी गुणायचं: १००० × ३० × ६० = १८,००,०००. म्हणीला गुणून माप तयार होत नाही. शिवाय लागोपाठच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात. एच.२६४ सारखं कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) बहुतेक फ्रेममध्ये आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवतं, ते याच कारणाने.

पटकथा लिहिताना उपयोगी पडणारा आकडा खूप लहान आहे. सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द होतात. ६० सेकंदांच्या व्हिडिओसाठी ११०-१२० शब्दांवर थांबा, म्हणजे हाताने काही दाखवायला आणि श्वास घ्यायला जागा राहते. एवढ्यात एक मुद्दा नीट बसतो. तीन कोंबले की निवेदक धावतो आणि पाहणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही.

‘लक्ष ८ सेकंदच टिकतं’

हा आकडा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालामुळे जगभर पोहोचला. २००० साली १२ सेकंद, २०१३ मध्ये ८ सेकंद आणि गोल्डफिशचं ९ सेकंद, अशी तुलना त्यात होती. अहवालासाठी केलेल्या पाहणीतून हे आकडे निघाले नव्हते. ते ‘स्टॅटिस्टिक ब्रेन’ नावाच्या संकेतस्थळावरून घेतलेले होते, आणि तिथे त्यांच्यामागचं संशोधन सापडत नाही. माणसाचं लक्ष किती टिकतं याचं एकच उत्तर नसतंच. ते समोरचं काम, गरज आणि आवड यांवर ठरतं. गळका नळ दुरुस्त करायला बसलेला माणूस दहा मिनिटांचा व्हिडिओ तीनदा मागे नेऊन पाहतो.

प्लॅटफॉर्मनी काय केलं तेही पाहा. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं वाइन हे ॲप २०१७ च्या जानेवारीत बंद झालं. टिकटॉकने मर्यादा २०२१ मध्ये ३ मिनिटं आणि २०२२ मध्ये १० मिनिटं केली. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा १५ ऑक्टोबर २०२४ पासून एक मिनिटावरून तीन मिनिटांवर गेली. लोक आठ सेकंदांतच निघून जात असते, तर हे बदल करण्यात कुणालाच फायदा नव्हता.

या दाव्यात खरा भाग इतकाच की थांबायचं की पुढे सरकायचं हा निर्णय पहिल्या दोन-तीन सेकंदांत होतो. म्हणून सुरुवातीला फिरणारा लोगो, ‘नमस्कार मंडळी’ आणि चॅनेलची ओळख काढून टाका. पहिल्याच फ्रेममध्ये अडचण किंवा तयार झालेली वस्तू दिसू द्या. त्यानंतरची लांबी कामाप्रमाणे ठरवा. यूट्यूबवरच्या ज्या जाहिराती वगळता येतात, त्यांत ‘स्किप’चं बटण ५ सेकंदांनी येतं, म्हणून नाव आणि वस्तू त्याआधी दिसायला हवी. न वगळता येणाऱ्या बंपर जाहिरातीला ६ सेकंदच मिळतात. जोडणी किंवा दुरुस्ती दाखवायची असेल तर जितक्या पायऱ्या तितकी लांबी.

साधं गणित करा. १५ सेकंदांचा व्हिडिओ सरासरी ८० टक्के पाहिला गेला तर १२ सेकंद मिळाले. चार मिनिटांचा ४५ टक्केच पाहिला गेला तरी १०८ सेकंद मिळाले. टक्केवारीत पहिला वरचढ दिसतो, पण वस्तू समजावून सांगायला वेळ दुसऱ्यालाच मिळाला.

‘लाखभर व्ह्यूज म्हणजे लाखभर लोक’

सगळ्यात जास्त नुकसान या दाव्याने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

व्ह्यू हे एकच एकक नाही. फेसबुकवर व्हिडिओचा व्ह्यू वर्षानुवर्षं ३ सेकंदांवर मोजला गेला, आणि फीडमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होत असल्यामुळे बोट क्षणभर थांबलं तरी तो नोंदला जायचा. यूट्यूबच्या वगळता येणाऱ्या जाहिरातीत व्ह्यू धरायला ३० सेकंद पाहावं लागतं, जाहिरात त्याहून छोटी असेल तर पूर्ण, नाहीतर तिच्यावर काही क्रिया करावी लागते. यूट्यूब शॉर्ट्समध्ये ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू मोजला जातो. जुन्या पद्धतीचा आकडा ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने वेगळा दिसतो आणि कमाईसाठी तोच धरतात. व्हिडिओ जाहिरात ‘दिसली’ असं म्हणायला उद्योगाचं मान्य प्रमाण तर आणखी वेगळं आहे: निम्मे पिक्सेल सलग दोन सेकंद पडद्यावर. हे सगळे आकडे एकत्र करून ‘एकूण व्ह्यूज’ सांगणं म्हणजे किलो, डझन आणि मीटर यांची बेरीज.

व्ह्यूज म्हणजे माणसंही नव्हेत. एकाच माणसाने रील पाच वेळा फिरू दिली की पाच व्ह्यूज होऊ शकतात. माणसांचा अंदाज हवा असेल तर ‘रीच’ किंवा ‘युनिक व्ह्यूअर्स’ हा रकाना पाहा.

सरासरीही फसवते. फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये मान्य केलं की सरासरी पाहण्याचा वेळ दोन वर्षं फुगवून दाखवला गेला होता. एकूण वेळेला भागताना ३ सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना भाजकात धरलंच नव्हतं. कंपनीने फुगवटा ६० ते ८० टक्क्यांपर्यंत असल्याचं सांगितलं. जाहिरातदारांच्या दाव्यात २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ही चूक कशी आकार घेते ते एका कल्पित उदाहरणात पाहू. व्हिडिओ हजार वेळा सुरू झाला. ७०० जण एका सेकंदात पुढे गेले, ३०० जणांनी दहा-दहा सेकंद पाहिलं. एकूण वेळ ३,७०० सेकंद. हजाराने भागलं तर सरासरी ३.७ सेकंद, ३०० ने भागलं तर १२.३. माहिती तीच, भाजक बदलला आणि मरगळलेला व्हिडिओ यशस्वी दिसू लागला. एजन्सीने सरासरी दाखवली की भाजक काय धरला हे विचारलंच पाहिजे.

त्यापेक्षा रिटेन्शनचा आलेख उघडा, म्हणजे कुठल्या सेकंदाला किती जण अजून पाहत आहेत ते दाखवणारी रेषा. पहिल्या काही सेकंदांतच उभी घसरण असेल तर शीर्षक किंवा थंबनेलने (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या छोट्या चित्राने) जे कबूल केलं ते समोर आलेलं नाही. मध्ये एका ठिकाणी पायरीसारखी उतरण असेल तर त्या सेकंदाला काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा तिथे विषयांतर किंवा लांबलेलं आत्मकौतुक सापडतं. एखाद्या जागी उंचवटा असेल तर लोक मागे जाऊन तेवढंच पुन्हा पाहत आहेत. तिथे आकडा किंवा बारीक अक्षरातली सूचना असते आणि ती पडद्यावर पुरेशी टिकलेली नसते. पुढच्या वेळी तीच दोन सेकंद जास्त ठेवा. ‘तर मित्रांनो’ म्हणताच रेषा कोसळते, म्हणून फोन करा, नोंदणी करा असं जे सांगायचं ते निरोपाच्या आधी सांगा.

‘एकच व्हिडिओ सगळीकडे टाका’

चित्रीकरण एकदाच करता येतं, फाइल एकच चालत नाही. आडव्या पडद्याला १९२० × १०८० पिक्सेल लागतात, रील आणि शॉर्ट्सना १०८० × १९२०. दोन्ही हवे असतील तर ३८४० × २१६० मध्ये चित्रीकरण करा. त्यातून उभी चौकट कापली की १२१५ × २१६० पिक्सेल उरतात, म्हणजे रुंदीच्या एक-तृतीयांशाहून थोडं कमी. चेहरा, हात आणि वस्तू या मधल्या पट्ट्यातच राहिली पाहिजे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिथे दोन रेषा लावून ठेवा. एडिटिंग करताना अक्षरं नसलेली एक मूळ प्रत वेगळी जपा. अक्षरं चिकटवलेल्या प्रतीतून दुसरं माप कापलं की वाक्यं अर्धी तुटतात.

उभ्या व्हिडिओत खालचा भाग वर्णन, खात्याचं नाव आणि बटणांखाली झाकला जातो. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाची (फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची) शिफारस वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही कडांना ६ टक्के मोकळं ठेवण्याची आहे. फोन नंबर तळाशी टाकण्याची सवय इथेच घात करते.

एका ॲपवरून उतरवलेली फाइल त्या ॲपच्या शिक्क्यासकट (वॉटरमार्कसकट) दुसरीकडे टाकू नका. दुसऱ्या ॲपचा शिक्का दिसणाऱ्या रील्स शिफारशीत मागे ठेवल्या जातील असं इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

फीडमध्ये अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे सबटायटल हवंच. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी ठेवा, उभ्या व्हिडिओत ओळी आणखी आखूड. यूट्यूबला एसआरटी फाइल (सबटायटलची वाक्यं आणि त्यांच्या वेळा असलेली) वेगळी द्या आणि ती यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमधून चालू करावी लागते. ती बंद असेल तर पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं फुटतात. आपोआप तयार होणारं सबटायटल नावं, आकडे आणि मापं यांत हमखास चुकतं, ते हाताने तपासा.

यूट्यूबवरच्या लांब व्हिडिओला विभाग पाडायचे असतील तर वर्णनात पहिली वेळ ०:०० हवी, वेळेच्या किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक विभाग निदान १० सेकंदांचा हवा. एकही अट चुकली तर विभाग दिसत नाहीत आणि का दिसत नाहीत तेही कळत नाही.

‘१२०० टक्के जास्त शेअर’

कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कधी, किती पोस्ट मोजून हा आकडा काढला, ते फॉरवर्डमध्ये नाही. ते नसेल तर तो बाजूला ठेवावा. कोणत्या खात्याने टाकलं आणि ॲल्गोरिदमने कोणाला पुढे ढकललं हे वेगळं न काढता प्रकारांची तुलना होत नाही.

व्हायरल होणं म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं आपण समजतो. शरद गोयल, डंकन वॉट्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरचे सुमारे एक अब्ज प्रसार तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. एखादी गोष्ट किती पसरली हे मुख्यतः तिला मिळालेल्या सर्वांत मोठ्या एकाच प्रक्षेपणाच्या (एका खात्यावरून एकदम अनेकांपर्यंत जाण्याच्या) आकारावर ठरतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे ‘शेअर होईल’ या आशेपेक्षा योग्य श्रोते असलेल्या एका खात्याशी बोलणी करणं जास्त भरवशाचं.

शिवाय बरेचसे शेअर खासगी मेसेजमधून होतात. तिथून आलेला माणूस संकेतस्थळाच्या आकडेवारीत अनेकदा ‘डायरेक्ट’ म्हणून दिसतो. व्हिडिओची फाइलच फॉरवर्ड झाली तर व्ह्यूही मोजला जात नाही आणि लिंकही सोबत जात नाही. म्हणून नाव आणि छोटा पत्ता व्हिडिओच्या आतच, मध्यभागी, निदान तीन सेकंद दाखवा आणि बोलूनही सांगा.

‘शेअर झाला की विक्री’

पाहणाऱ्याला वाट तरी हवी. शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंक ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबता येत नाहीत. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरातही नाहीत. शॉर्ट्सना ‘संबंधित व्हिडिओ’ जोडता येतो, इन्स्टाग्रामवर बायोमधली लिंक चालते. ती ज्या पानावर जाते तिथे व्हिडिओत दाखवलेलीच वस्तू पहिल्यांदा दिसली पाहिजे, मुख्यपान नको.

प्रत्येक जागेसाठी यूटीएम (माणूस कुठून आला ते आकडेवारीत दाखवणारी खूण) जोडलेली वेगळी लिंक करा आणि साखळी लिहून काढा: सुरू झाले किती, ३ सेकंद थांबले किती, अर्ध्यापर्यंत आले किती, लिंक दाबली किती, मागणी नोंदवली किती. समजा लाख वेळा सुरू होऊन तीनशे जणांनी लिंक दाबली आणि सहा मागण्या आल्या. मग आणखी लाख व्ह्यूज विकत घेण्याआधी उरलेले २९४ जण पानावरून का परतले ते शोधायला हवं. कारण व्हिडिओत नसून पोहोचवण्याचा खर्च, नोंदणीचा लांबलचक अर्ज किंवा हळू उघडणारं पान यांतलं एखादं असू शकतं.

व्हिडिओमुळे विक्री वाढली का, हे आधी-नंतरच्या तुलनेतून कळत नाही, कारण हंगाम आणि सवलतीही त्याच काळात बदलतात. एकाच वेळी संकेतस्थळावर येणाऱ्या निम्म्या लोकांना व्हिडिओ असलेलं पान आणि निम्म्यांना नसलेलं दाखवा, आणि मागण्या मोजा. चाचणीत व्हिडिओ आवाजासह आपोआप सुरू करू नका. क्रोमने एप्रिल २०१८ पासून ते बहुतेक ठिकाणी अडवलं आहे. सुरुवातीला फक्त स्थिरचित्र दाखवा आणि दाबल्यावरच प्लेअर लोड होऊ द्या. नाहीतर व्हिडिओ असलेलं पान हळू उघडतं, माणसं त्यामुळे परततात, आणि दोष व्हिडिओच्या माथी बसतो.