‘आउटलाइन केली की काही बदलत नाही’ हे साफ चूक आहे

‘प्रेसला फाइल देण्याचे चार नियम’ असा एक मेसेज डीटीपीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळा मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा, आउटलाइन होईल, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतील, मग काहीही बदलत नाही. जोडाक्षरं तुटत असतील तर तीही आउटलाइन करताच जुळतात. गाइड्स, म्हणजे मांडणी जुळवायला पानावर आखलेल्या मदतीच्या रेघा, पुसून टाका, नाहीतर छापून येतात. आणि गाइड्स लपवल्या तरी फ्रेम, म्हणजे मजकुराची किंवा चित्राची चौकट, ओढताना त्यांना चिकटतेच. मी वाचून सोडून दिला असता, पण माझ्या भाच्यानं तो खरा मानून काम केलं. नागपूरच्या महालात त्याचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. परवा रात्री त्याचा फोन आला, “मामा, नोटिशीतले सगळे नंबर गेले. काहून गेले असतील?”

एका गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेची ती नोटीस. 11 विषय, त्यांना सॉफ्टवेअरनं आपोआप दिलेले क्रमांक, सभेच्या तारखेखाली रेघ. त्यानं फाइल पाठवली, मी उघडून पाहिली. मजकूर जागच्या जागी होता, डावीकडे क्रमांकांपुरती जागाही सुटलेली होती, पण त्या जागेत एकही आकडा नव्हता. तारखेखालची रेघही गेली होती. अशी नोटीस छापून गेली असती तर सभेत ‘विषय क्रमांक 6’ कोणता, यावरच तास गेला असता. शिवाय नोटीस 14 पूर्ण दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते, म्हणजे दुसऱ्यांदा छापायला वेळही उरला नसता.

यात सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, ते असंच चालतं. आपोआप येणारे क्रमांक, बुलेट, अधोरेखा, परिच्छेदाची रेघ हे टाइप केलेलं नसतंच, ते फॉरमॅटिंगमधून येतं. आउटलाइन होते ती फक्त खऱ्या अक्षरांची; बाकीचं गळून पडतं आणि त्याची सूचनाही येत नाही. ‘काहीही बदलत नाही’ लिहिणाऱ्यानं यादी असलेलं एक पान तरी करून पाहायला हवं होतं.

पुढचं नुकसान त्याहून मोठं. भाच्यानं आउटलाइन केलेली फाइल मूळ फाइलवरच सेव्ह केली. सचिवांनी सकाळी कळवलं, एका आडनावात ‘पाटिल’ झालंय, ‘पाटील’ करा. करणार कशी? तिथे आता अक्षर नाही, नुसता आकार आहे. एका वेलांटीसाठी दोन पानं नव्यानं टाइप करावी लागली.

फॉन्टची भीती खरी आहे, ते मान्य. समोरच्याकडे फॉन्ट नसला की मराठी मजकुराचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण त्यावरचा उपाय 2001 पासून आहे. छपाईच्या पीडीएफचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 15930, म्हणजेच पीडीएफ/एक्स. त्यात वापरलेला प्रत्येक फॉन्ट फाइलमध्येच असणं बंधनकारक आहे. एक्स्पोर्ट करताना पीडीएफ/एक्स-1ए किंवा एक्स-4 निवडा. फॉन्ट सोबत जातो, क्रमांक राहतात, मूळ फाइलला हात लागत नाही. प्रेसला उघडी, म्हणजे बदल करता येणारी फाइलच हवी असेल तर पॅकेज करून, म्हणजे फाइल, फॉन्ट आणि चित्रं एका फोल्डरमध्ये गोळा करून द्या. रेडियमच्या कटिंगला किंवा एखाद्या लोगोला आउटलाइन लागते, तिथे जरूर करा, पण वेगळ्या प्रतीवर. आणि यादी असेल तर आधी क्रमांकांचं मजकुरात रूपांतर करून घ्या.

जोडाक्षरांचा दावा तर उलटाच आहे. इनडिझाइनमध्ये मराठी नीट बसायला परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळ बसवणारी सोय, लावावा लागतो. मराठीसाठी ही सोय 2012 च्या सीएस6 आवृत्तीपासून आहे. तो लावलेला नसेल तर जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते, आणि आउटलाइन केली की हे सगळं तसंच कायमचं गोठतं. आधी कंपोझर बदला.

गाइड्स छापून येत नाहीत. प्रिंटच्या आणि पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत दिसणाऱ्या गाइड्स सोबत घेण्याची एक चौकट असते, तिच्यावर कुणी खूण केली तरच येतात. म्हणून खूण काढा. कॉलम जुळवायला तासभर घालून आखलेल्या गाइड्स कशाला पुसता?

राहिला लपवलेल्या गाइड्सचा मुद्दा. अडोबीच्या मदत पानावरच लिहिलंय की फ्रेम गाइडला चिकटायची तर गाइड दिसत असली पाहिजे. ग्रिडला, म्हणजे पानावरच्या आखीव जाळीला, मात्र ती लपवलेली असली तरी फ्रेम चिकटते. मेसेज लिहिणाऱ्यानं या दोन्हींची गल्लत केलीय. भाच्याच्या नोटिशीत सह्यांच्या दोन चौकटी एकमेकींच्या वरखाली बसल्या होत्या, त्या यामुळेच; गाइड्स लपवून त्यानं त्या ओढल्या होत्या. गाइड्स दाखवल्या, चौकटी पुन्हा ओढल्या, आणि दुपारी पीडीएफ/एक्स-4 प्रेसला गेली, 11 च्या 11 क्रमांकांसकट.