आधी टायरची हवा कमी करा रे!

दर वेळी तेच! सोलापूरहून पहाटे निघायचं, २५० किलोमीटरवर पुणं, त्याच्या पुढे सह्याद्रीतली दगडगोट्यांची वाट. आणि चढ सुरू व्हायच्या आधी कुणीतरी म्हणणारच, "काय होत नाही बे, फोर बाय फोर आहे!"

अरे, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो म्हणून दगड मऊ होतात का? टायरमध्ये हायवेची ३२ पीएसआय हवा तशीच. ती २० पर्यंत आणायला दहा मिनिटं लागतात, पण थांबणार कोण? मग टणक टायर दगडाला धरतच नाही, नुसता उडतो. वेग कमी करून चाकांना जास्त जोर देणारा लो रेंजचा लिव्हर गाडी घेतल्यापासून हललेला नाही. चढावर रस्त्यावरच्या नेहमीच्या हाय रेंजमध्येच हाफ क्लचवर रेटायचं, उतारावर पहिल्या गिअरात इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरायचं सोडून ब्रेकवर उभं राहायचं. ते तापून सुटले तर दरीत कोण झेलणार?

मागच्या वेळी पुढच्या गाडीतून जळक्या क्लचचा कडवट वास माझ्या केबिनभर भरला होता. त्यात गाडी चालवणाऱ्याचा अंगठा स्टिअरिंगच्या आत. शंभरदा सांगितलंय, अंगठा बाहेर ठेव! चाक दगडावर आदळलं, स्टिअरिंग गर्रकन फिरलं, अंगठा सुजून टम्म. परत येताना टेंभुर्णीपर्यंत कण्हत होता.

आणि हवा भरायचा पंप? पाच गाड्यांत मिळून एक. तोही माझाच!