आबाजींच्या फोटोबद्दल: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा.

तुम्ही एक स्टार देऊन तीन तक्रारी लिहिल्या आहेत. आबाजींचा जुना फोटो पैसे घेऊनही धूसरच दिला, मुलीच्या इन्स्टॅक्सचे, म्हणजे फोटो लगेच कागदावर देणाऱ्या कॅमेऱ्याचे, फोटो पांढुरके आले आणि जावयांना दिलेलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड ५९ चंच निघालं. सगळ्यांनी चिठ्ठ्या काढून एकमेकांना फोटोशी संबंधित काहीतरी द्यायचं, हा तुमच्या घरचा बेत मला मनापासून आवडला होता. म्हणून सविस्तर लिहितो.

कार्डाचं आधी. कंपनी ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट धरते. कॉम्प्युटर तेच हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून आकडा ५९ च्या वर थोडासा दिसतो. कार्ड अस्सल आहे, जावयांना बिनधास्त वापरू द्या.

इन्स्टॅक्सचे फोटो पोरीने चिखलदऱ्याला पहाटे काढले, असं तुम्हीच लिहिलंय. डिसेंबरच्या पहाटे तिथे काय गारठा असतो, ते परतवाड्याच्या माणसाला सांगायला नको. ही फिल्म ५ ते ४० अंशांत वापरायची असते आणि १० च्या खाली गेलं की रंग नीट उमटत नाहीत, फोटो फिके येतात. थंडीत कॅमेरा आधी स्वेटरच्या आत ठेवायचा, फोटो बाहेर आला की न हलवता लगेच आतल्या खिशात घालायचा. पाकिटातले दहाही फोटो संपेपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही, नाहीतर उरलेल्या फिल्मवर उजेड पडतो.

आता आबाजींचा फोटो. इथे मी माझ्या कामावर ठाम आहे.

मूळ फोटो चर्चसमोरच्या ग्रुपचा. आबाजी दुसऱ्या ओळीत, चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. पावसाळ्याची ओल शिरली की फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काच धरतो, आणि ओढला तर चेहराच काचेवर राहतो. म्हणून तो न सोडवता काचेसकट १२०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात १२०० ठिपके इतक्या बारकाईने, स्कॅन केला. बुरशीचे ठिपके, चिरा, पिवळेपणा काढला. शेजारच्यांचे चेहरे, मागची कौलं स्वच्छ आली, कारण ती कागदावर होती. फोटोग्राफरने बटण दाबलं तेव्हा आबाजी जरासे हलले असावेत, आणि नेमकी बुरशीही तिथेच. जेवढं कागदावर होतं, तेवढंच प्रिंटमध्ये आलं.

भाच्याने ॲपवर दोन मिनिटांत केलेला फोटो तुम्ही सोबत टाकलाय. मी तो मोठा करून पाहिला. असलं एआय ॲप पुसलेला चेहरा परत आणत नाही. दुसऱ्या असंख्य चेहऱ्यांवरून शिकून, इथे डोळा असा असेल, ओठ असे असतील, असा अंदाज बांधून ते नवा चेहरा भरतं. काम देताना तुम्ही मला सांगितलं होतं की आबाजींचा डावा डोळा लहानपणापासून अर्धा मिटलेला. मी दिलेल्या प्रिंटमध्ये, धूसर का असेना, ती पापणी खाली आहे. ॲपच्या फोटोत दोन्ही डोळे सारखे, टक्क उघडे. माणूस देखणा दिसतो, पण ते आबाजी नाहीत.

ही भेट आजीसाठी होती, जिने त्यांच्यासोबत संसार केला. तुमच्या पोरांनी तर आबाजींना पाहिलंच नाही. भिंतीवर जो चेहरा लागेल, त्यालाच ती आबाजी म्हणतील. भेग बुजवायला, भिंतीचा डाग काढायला मीही ही साधनं वापरतो. गेलेल्या माणसाचा चेहरा मात्र मी मनाने बनवून देत नाही, कोणी दुप्पट पैसे दिले तरी.

एक करता येईल. आबाजींच्या नोकरीच्या कागदांवर, जुन्या ओळखपत्रावर किंवा त्यांच्या भावांच्या घरी दुसरा फोटो असेल तर शोधा. पासपोर्ट आकाराचाही चालेल. तो ग्रुपमध्ये चिकटवणार नाही, त्याच फ्रेममध्ये शेजारी वेगळा लावून देईन. स्कॅन आणि प्रिंटचे पैसे लागणार नाहीत. मूळ फोटो मात्र कोणी काहीही सांगितलं तरी काचेवरून ओढू नका. आणि येताना पोरीला कॅमेऱ्यासकट घेऊन या, उरलेल्या फिल्मवर दुपारच्या उन्हात तिच्याकडूनच एक-दोन फोटो काढून घेऊ.