सिंहस्थाआधी घ्या, नंतर विका? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण मुद्द्याला धरून होती, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: ‘गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट तीन वर्षांत विकला तर हाती फारसं काही लागत नाही’ असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. नाशिकमध्ये जागेचा भाव उतरलेला कुणी पाहिलेला नाही. 2027 च्या सिंहस्थाआधी घेऊन नंतर विकणं हा सरळ हिशेब आहे. आणि इंडेक्सेशन (नफा काढताना खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) ‘बंद झालं’ हे माझं वाक्य चूक आहे. शेवटी मखमलाबाद बाजूच्या एका प्लॉटला टोकन दिल्याचंही तुम्ही लिहिलंय, त्याकडे शेवटी येतो.

तिसऱ्या आक्षेपात तुमचं बरोबर आहे. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेली जमीन किंवा घर विकणाऱ्या, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला नफ्यावरच्या करासाठी दोन्ही पर्याय आहेत: इंडेक्सेशनशिवाय 12.5 टक्के किंवा इंडेक्सेशन लावून 20 टक्के, जो कर कमी पडेल तो. माझं वाक्य त्यानंतर घेतलेल्यांना लागू होतं आणि मी ते सगळ्यांच्या माथी मारलं. फरक किती पडतो बघा. 2010-11 मध्ये 20 लाखांना घेतलेला फ्लॅट 2025-26 मध्ये 60 लाखांना विकला. यासाठीचा महागाई निर्देशांक 167 वरून 376 वर गेला, म्हणजे खरेदी किंमत 45.03 लाख धरली जाते. 20 टक्क्यांनी कर साधारण 2.99 लाख, 12.5 टक्क्यांनी 5 लाख. पण हाच फ्लॅट 87 लाखांच्या वर विकला गेला तर पारडं फिरतं आणि 12.5 टक्केच स्वस्त पडतात. म्हणून जुनी मालमत्ता काढताना दोन्ही आकडे मांडल्याशिवाय सौद्याला बसू नका. (उपकर वर वेगळा.)

आता ‘भाव उतरत नाही’. खरं आहे, नाशिकमध्ये पाटीवरचा भाव उतरत नाही, गिऱ्हाईक थांबतं. बिल्डर चौरस फुटाचा दर तोच ठेवतो आणि पार्किंग फुकट, मुद्रांक शुल्क आमच्याकडून, मॉड्युलर किचन भेट असं करून सौदा जमवतो. भाव उतरतो तो असा. तुम्ही मात्र एकच जुना फ्लॅट विकायला बसलेले. तुमच्याकडे द्यायला किचन नाही, शेजारी मात्र नव्या इमारतीतले चाळीस फ्लॅट पडून आहेत. पाथर्डी फाट्याला किंवा आडगाव बाजूला पुनर्विक्री रखडते ती बहुतेकदा यामुळे. म्हणून घ्यायच्या आधी आणि विकायच्या आधी एकच काम करा: महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाच्या) संकेतस्थळावर आसपासच्या दोन किलोमीटरमधले प्रकल्प उघडा. किती फ्लॅटचं बुकिंग झालं हे बिल्डरला दर तिमाहीला तिथे टाकावं लागतं. न विकलेले मोजा. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच भागातले दस्त काढून सूची 2 (दस्ताचा सारांश, ‘इंडेक्स 2’) मधली रक्कम बघा. एजंट सांगतो तो भाव आणि दस्तातली रक्कम यांत अंतर मोठं असेल तर विकायची घाई करू नका आणि घ्यायची तर अजिबात नको.

हिशेबाकडे येऊ, कारण तुम्ही ‘तीन वर्षांत 20 टक्के’ म्हणालात. बांधकाम चालू असलेला 50 लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क अधिभारासह 6 टक्के म्हणजे 3 लाख, नोंदणी 30 हजार, 5 टक्के जीएसटी अडीच लाख. झाले 55.8 लाख. 45 लाखांच्या आत आणि 90 चौरस मीटर कार्पेटच्या आत असता तर जीएसटी 1 टक्काच लागला असता. तीन वर्षांनी 60 लाखांना विकला, एजंटचा एक टक्का गेला, उरले 59.4. नफा 3.6 लाख, त्यावर कर आणि उपकर मिळून सुमारे 47 हजार. हातात 3.13 लाख, म्हणजे वर्षाला दोन टक्केही नाहीत. भाडं महिना 14 हजार धरा. देखभाल, घरपट्टी आणि वर्षातून एक महिना रिकामा असा खर्च काढला की वर्षाला उरतात जेमतेम सव्वा लाख. तीही ताबा मिळाल्यानंतरच. कर्जाचं व्याज यात अजून आलेलंच नाही. पाटीवरचा भाव पावणेतेरा टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच असता, आणि नेमकी हीच गोष्ट चहाच्या टेबलावरच्या हिशेबात नसते. भोगवटा दाखला मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही, पण दर चढा असतो. दोन्ही बाजू मांडून बघाव्या लागतात.

एक सूट मात्र फार जणांना ठाऊक नसते. बिल्डरकडून पहिल्यांदा घेतलेला फ्लॅट तीन वर्षांच्या आत पुढे विकला तर तुम्ही भरलेलं मुद्रांक शुल्क पुढच्या दस्तात वजा धरता येतं. त्यासाठी पहिल्या करारात तुम्ही गुंतवणूकदार म्हणून घेत असल्याचा उल्लेख हवा. नसेल तर ही सूट विसरा. आणि 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिसळून स्लॅबने कर लागतो. म्हणजे सोयीची खिडकी उरते 24 ते 36 महिन्यांची. ताब्याआधी विकत असाल तर मुदत करारापासून मोजायची की ताब्यापासून, यावर वाद होतात. सीएकडून ते लेखी घ्या.

सिंहस्थाबद्दल. पर्वणीला लाखो लोक येतात आणि परत जातात. फ्लॅट भाड्याने घेतो तो सातपूर-अंबडमधला कामगार, कॉलेजचा विद्यार्थी, हॉस्पिटलमधली नर्स. रस्ते, घाट, मलनिस्सारणाची कामं होतात आणि त्यांचा फायदा टिकतो, हे मान्य. पण तो फायदा भावात आधीच मिसळलेला असतो. नुसत्या घोषणेवर पैसे लावू नयेत, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको: 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी) 2,092 कोटी जाहीर झाले, आणि त्या मार्गाच्या नावाने प्लॉट विकून लोक मोकळे झाले, गाडी अजून आलेली नाही. समृद्धी महामार्गाचं तसं नाही. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, रस्ता डोळ्यांसमोर आहे. पण म्हणूनच तिकडच्या विक्रेत्याने तो किमतीत धरलेला आहे.

आता तुमचं टोकन. उरलेली रक्कम देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. आरक्षण, विकास आराखड्यातला रस्ता, पूररेषा या तीन गोष्टी त्यात दिसतात. पूररेषा दोन असतात: नदीपासून निळ्या रेषेच्या आत बांधकाम होत नाही, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर होतं. मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात नगररचना योजनेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तुमचा गट तिच्यात येतो का हे विचारा, कारण योजनेत जमिनीचा काही भाग जातो आणि अंतिम भूखंड आहे तिथेच मिळेल असं नाही. सातबारावर भोगवटादार वर्ग 2 असेल तर परवानगी आणि नजराण्याशिवाय खरेदीखत होऊ नये. जमीन शेतीचीच असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर ती तुम्हाला घेता येते का हे आधी वकिलाला विचारा. जमीन बिगरशेती (एनए) असल्याचे कागद आणि मंजूर लेआउट हातात घेऊन प्लॉट क्रमांक नकाशावर बोटाने दाखवायला सांगा. ‘फाइल चालू आहे’ हे उत्तर चालत नाही. वकिलाकडून मालकीचा 30 वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध) घ्या.

आणि साठेखतात एक ओळ घाला: झोन किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर टोकन अमुक दिवसांत परत. विक्रेता ती ओळ लिहायला तयार नसेल, तर टोकन सोडून द्या. बाकीचे पैसे वाचले.