‘बॅकअप पूर्ण’ असा खोटा मेसेज का येत होता: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आपण एक स्टार देऊन लिहिलंय की १९ दिवस बॅकअप गेलाच नाही, तरी रोज सकाळी ‘बॅकअप पूर्ण’ असा मेसेज येत होता. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने येऊन ‘सगळं व्यवस्थित आहे’ म्हणून व्हिजिटचे पैसे घेतले. आणि एका ओळीच्या कामाला आम्ही दोन दिवस लावले. पहिल्या दोन गोष्टी पूर्ण खऱ्या आहेत आणि चूक माझी आहे. तिसरीबद्दल मात्र मला थोडं सांगायचंय.

रात्री दोनला क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) चालणारी ती बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, मी स्वतः लिहिली होती. एससीपी या फाइल पाठवायच्या कमांडने फाइल सर्व्हरवर पाठवायची, जे आउटपुट येईल ते ‘टी’ कमांडने लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, उतरवायचं, मग मेसेज टाकायचा. घोळ इथेच झाला. दोन कमांड पाइपने जोडल्या, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला दिलं, की बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. एससीपी रोज फेल होत होती, पण लॉग नीट लिहिला जात होता, म्हणून स्क्रिप्टच्या लेखी काम झालेलं असायचं. वर पाइपफेलची (जोडलेल्यांपैकी एकही कमांड फेल झाली तर सगळंच फेल धरायची) एक ओळ घातली असती तर पहिल्याच रात्री कळलं असतं. लॉगमध्ये ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’, म्हणजे सर्व्हरची ओळख सांगणारी की जुळली नाही, असं १९ वेळा आलेलं होतं. आम्ही ते उघडून पाहिलंच नाही.

मुलाने तपासलं ते स्वतःच्या लॅपटॉपवरून. तिथे त्या सर्व्हरची जुनी की नव्हतीच, त्यामुळे नवी की स्वीकारायची का या प्रश्नाला ‘यस’ म्हटल्यावर फाइल गेली. क्रॉन आपल्या मशीनवर रूट (सगळे अधिकार असलेल्या) युजरने चालतो आणि रूटच्या नोन होस्ट्स फाइलमध्ये, जिथे ओळखीच्या सर्व्हरच्या की साठवलेल्या असतात, जुनी की होती. तपासायचं होतं तिथेच, रूटनेच. हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

आता ती एक ओळ. स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग, म्हणजे ही की काटेकोर तपासायची सेटिंग, ‘नो’ केलं की चालू होतं, हे आपल्या ओळखीच्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. तरी मी ते केलं नाही, पुढेही करणार नाही. होस्ट की म्हणजे सर्व्हरची ओळख. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल झाला तरी ती बदलते, आणि मधे कुणी भलतंच मशीन उभं केलं तरी तोच एरर येतो. आपल्या क्लायंटचे हिशेब आणि पॅन नंबर कुणाच्या हातात जातायत हे न पाहता मी पाठवू शकत नाही. सर्व्हरवाल्यांकडून नव्या कीचा फिंगरप्रिंट (ती ओळखायचा छोटा कोड) फोनवर घेतला, अक्षर न अक्षर जुळवला, मगच जुनी की काढली. मधे शनिवार-रविवार आला. त्या दोन रात्री बॅकअप आपल्या ऑफिसातल्या एक्स्टर्नल डिस्कवर घेतला होता, पण उशीर का होतोय हे आपल्याला फोन करून सांगायचं राहिलं, त्याबद्दल माफी मागतो.

आता फाइल पोचल्यावर दोन्हीकडचे शा-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेले कोड) जुळले तरच मेसेज जातो. नाहीतर माझा फोन वाजतो. हीच स्क्रिप्ट आणखी सहा ग्राहकांकडे होती. आपला रिव्ह्यू वाचून त्याच रात्री सगळीकडे तपासलं, तर एका ठिकाणी चार दिवसांपासून हाच प्रकार चालू होता.

व्हिजिटचे पैसे परत पाठवलेत. १९ दिवसांच्या नोंदी पुन्हा भरायला आपला स्टाफ जादा बसला, त्याचा ओव्हरटाइम आमच्याकडे लावा. येत्या शनिवारी मी स्वतः येतो; आपण सांगाल ती जुनी फाइल बॅकअपमधून आपल्यासमोर परत काढून दाखवतो.