'आर यू कन्व्हीनियंट?' छे, मी सोयीचा माणूस नाही

चिनी भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांत एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो आतापर्यंत तीनदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'कन्व्हीनियंट' म्हणजे चिनीतला 'फांगब्येन', दोन्ही एकास एक जुळतात. चिनी शब्द इंग्रजीवरूनच बेतलेला आहे. 'आर यू कन्व्हीनियंट टुमॉरो?' यात व्याकरणाची चूक नाही, तेव्हा शिक्षकांनी लाल शाई वाया घालवू नये. आणि 'फांगब्येन'ला शौचाला जाण्याचा जो अर्थ आहे तो चिनी लोकांचा खास, इंग्रजीत त्याचा मागमूस नाही.

इंग्रजीवरून बेतल्याची गोष्ट आधी उरकतो. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने सद्धर्मपुंडरीक सूत्र हा बौद्ध ग्रंथ चिनीत आणला तो इ.स. 406 मध्ये. त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचं नाव 'फांगब्येन फिन'. मूळ संस्कृतात तिथे 'उपायकौशल्य' आहे, म्हणजे ऐकणाऱ्याची कुवत पाहून त्याला झेपेल अशा वाटेने शिकवणं. त्या साली ब्रिटनमध्ये रोमन फौजा अजून होत्या, इंग्रजी भाषेचा पत्ताही नव्हता. या चिनी शब्दाला नातेवाईक शोधायचाच असेल तर तो आपल्या 'उपाया'त सापडेल.

आता व्याकरणाचं. खरा घोळ इथेच आहे.

'आर यू कन्व्हीनियंट?' क्रियापद, कर्ता, विशेषण, सांगाडा ठाकठीक. चिनीत 'नी मिंगथ्येन फांगब्येन मा?' हा रोजचा, अगदी अदबीचा प्रश्न आहे. शब्दाला शब्द ठेवला तर 'तू उद्या सोयीचा का?' पण चिनी कानाला त्यात ऐकू येतं ते 'उद्या तुला जमेल का, काही अडचण तर नाही ना?' कारण तिथे हे विशेषण माणसाची त्या वेळची परिस्थिती सांगतं. इंग्रजीत सोयीची असते ती वेळ, जागा किंवा वस्तू. माणूस 'फॉर यू' होऊन मागे उभा राहतो: 'इज टुमॉरो कन्व्हीनियंट फॉर यू?'

मराठी माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. 'तुम्हाला उद्या सोयीचं पडेल का?' असं आपण विचारतो, त्यातला 'ला' आपोआप तोंडात येतो. 'तुम्ही उद्या सोयीचे आहात का?' असं कुणी विचारलं तर भुवया उंचावतील. सोयीचा माणूस म्हणजे हवा तेव्हा वापरून घ्यावा असा माणूस. इंग्रज ऐकणाऱ्यालाही साधारण तेच ऐकू येतं. तो हसून सोडून देतो, म्हणून वाक्य बरोबर ठरत नाही.

उलट बाजूने, 'कन्व्हीनियंट माणसाला कधीच लावू नका' असा फळ्यावर लिहिलेला नियमही मला पटत नाही. 'अ कन्व्हीनियंट स्केपगोट' हे चोख इंग्रजी आहे. ज्याच्या माथी खापर फोडणं सोपं जातं, तो. फक्त तिथे बोलणाऱ्याला तोच अर्थ हवा असतो.

'एकास एक जुळतात' या दाव्याला तर वर्गातला एक आठवडा पुरतो. 'आय अ‍ॅम नॉट कन्व्हीनियंट' हे एकच वाक्य विद्यार्थी किती कामांना जुंपतात! कुणाला वेळ नसतो; त्याने 'आय अ‍ॅम नॉट फ्री' म्हणावं. कुणाचा हात तंगीत असतो, चिनीत 'शौथौ बू फांगब्येन'. इंग्रजीत त्याला 'शॉर्ट ऑफ मनी' लागतं. कुणी फोनवर असतो आणि बाजूला साहेब बसलेला असतो. त्याला 'आय कान्ट टॉक राइट नाऊ' शिकवावं लागतं. आजीचे गुडघे धरलेत, तर 'शी हॅज ट्रबल वॉकिंग'. चिनीत या चारही ठिकाणी 'बू फांगब्येन' बसतं. इंग्रजीत एकाही ठिकाणी 'आय अ‍ॅम नॉट कन्व्हीनियंट' बसत नाही. दुकानातही तेच: दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया चिनीत 'फांगब्येन म्येन', इंग्रजीत 'इन्स्टंट'. आणि इंग्रजीतलं 'कन्व्हीनियन्स स्टोअर' चिनीत 'ब्येनली द्येन' होतं, 'फांगब्येन' तिथे येत नाही.

इंग्रजी शब्दालाही एक कड आहे जी चिनीत उतरत नाही. 'हाउ कन्व्हीनियंट!' हा टोमणा असतो. आपल्याकडे 'सोयीस्करपणे विसरला' म्हणतात तसा. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या 2006 च्या हवामानबदलावरच्या माहितीपटाच्या नावात 'इनकन्व्हीनियंट ट्रूथ' आहे. तैवानमध्ये त्याचं नाव झालं 'सामोरं जायची इच्छा नसलेलं सत्य' आणि चीनमध्ये 'दुर्लक्ष करणं अवघड असं सत्य'. दोन्हीकडच्यांनी 'बू फांगब्येन' टाळलं. योग्यच केलं, नाहीतर प्रेक्षकांना ते बसस्टॉपपासून लांब पडणारं सत्य वाटलं असतं.

राहिला शौचालयाचा मुद्दा. 'वो छ्यू फांगब्येन ईश्या' म्हणजे 'जरा जाऊन येतो', हे खरं. 'तुमच्या सोयीने भेटायला येतो' या वाक्याने घाबरलेल्या परदेशी पाहुण्याचा विनोद चीनमध्ये जुना आहे. पण इंग्रजीत मागमूस नाही? ब्रिटनमध्ये सार्वजनिक शौचालयाला 'पब्लिक कन्व्हीनियन्स' म्हणतात, काही जुन्या इमारतींवर ही पाटी अजून दिसते. आपण तरी कुठे वेगळे? बिंदेश्वर पाठक यांनी 1970 साली सुरू केलेल्या संस्थेच्या नावावरून स्टँडजवळच्या शौचालयाला आपण नुसतं 'सुलभ' म्हणतो. सोय आणि शौच यांची सांगड तीन भाषांनी आपापली घातली आहे.

मात्र इंग्रजीत ही सांगड नामापुरतीच आहे. विशेषणाला ती लागू नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावरून उठताना 'आय वॉन्ट टू बी कन्व्हीनियंट' म्हणू नका. 'एक्स्क्यूज मी अ मिनिट' म्हणा, कुणी पुढे काही विचारत नाही.